परकर बंद

डॉक्टरीणबाईंसमोर सुमित्राच्या हातून परकराची नाडी सुटेना. शेवटी शाळकरी लेकच पुढे झाली. "आई, नव्या नवरीसारखी काय लाजतेस!" म्हणत तिने गाठ सोडली. नाडीच्या काचाने कमरेवर पडलेल्या काळ्या पट्ट्यात, वर्षभर हळद लावून लपवलेली जखम उघडी पडली. सुमित्राने पदरात तोंड लपवलं.

जखमेचा तुकडा तपासला, त्यात कर्करोग निघाला. "जुन्या काचावर उठलाय, खोलही गेलाय, म्हणून धोका जास्त," बाई म्हणाल्या. "ऑपरेशन करून भोवतालची चांगली कातडीही काढू, जांघेतल्या गाठी तपासू. आणि परकर यापुढे बंद. गाऊन घालायचा."

"मामंजींसमोर गाऊन? मग ऑपरेशनच नको मला!"

लेकीच्या पोटात काही राहतंय थोडंच! घरी पोचताच तिने आजोबांना सगळं सांगून टाकलं. दाराआड उभ्या सुमित्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजोबा मात्र चपला घालून बाहेर पडले.

परतले ते पिशवी घेऊन. मान खाली, कान लालबुंद.

"सूनबाई, ऑपरेशन टाळायचं नाही. हे दोन गाऊन. रंग आवडला नाही, तर दुकानदार बदलून देतो म्हणालाय."