रुळात गेलेला पदर

मशीन फिरवणारा पट्टा उतरवला, मशीन थांबली, आणि ताईबाईच्या पदराचा वीतभर तुकडा रुळांमध्येच राहिला. शेजारच्या यशोदाबाईने झेप घालून तिला मागे ओढलं नसतं, तर पदरामागोमाग हातही गेला असता. ताईबाईने दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. बोटं जागच्या जागी होती.

शिरपूरच्या त्या जिनात, कपाशीची सरकी काढायच्या गिरणीत, रुळांना कपास चारणाऱ्या बाया रांगेने उभ्या असत. पदर कमरेला खोचून काम करायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पण मुकादम लोटन हा ताईबाईचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ. जेठ दिसला की पदर सोडून तोंडावर ओढायचा, ही घरची रीत ती जिनातही पाळत होती. लोटन दिवसभर रांगेतून येरझारा घाली. दरवेळी पदर सुटे आणि चालत्या रुळांवर लोंबे. आज रुळांनी तो धरला.

लोटन धावत आला. ताईबाईने उरलेला फाटका पदर सवयीने तोंडावर घेतला. जेठ आणि भावजय एकमेकांशी बोलत नसतात, म्हणून तो यशोदाबाईकडे बघून कडाडला, "तिले सांग, काममा ध्यान ठेव म्हना!"

यशोदाबाई बिचारी मधे उभी. भांडण दोघांचं, तोंड हिचं.

"अक्का, त्यास्ले सांगा," पदराआडून ताईबाई म्हणाली, "ध्यान काममाच व्हतं. त्या समोर उनात म्हनीसन हात पदरकडे गया."

"तिले सांग, मंग मी येवानं नही का? मुकादम शे मी!"

"सांगा त्यास्ले, खुशाल या. पन पदर आते कंबरमाच ऱ्हाई. मी सोडाव नही."

रांगेतल्या बायांचे हात थांबले. लोटनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. घरात ज्याच्यापुढे भांडंसुद्धा वाजत नाही, त्याला धाकट्या भावाची बायको भर जिनात ऐकवते!

"इंग्रज गयात, सुराज्य उनं म्हनीसन बठ्ठ्या बायास्ना पदर उतरी गयात का? तिले सांग, डोकावर पदर ऱ्हाई ते काम. नही ते उद्यापाईन घर बठ!"

यशोदाबाई तोंड उघडणार, तोच ताईबाईने तिला हाताने बाजूला सारलं. राग धास्तीहून मोठा होता. तिला काम हवं होतं आणि हातही हवा होता. एक सोडून दुसरं घ्यायला ती तयार नव्हती. तिने डोक्यावरचा पदर उतरवला, कमरेला घट्ट खोचला आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा जेठाच्या डोळ्यांत पाहिलं.

"भाऊ, मी तुम्हना अपमान नही करी ऱ्हायनी. तुम्हना मान मना मनमा शे. पन पदर लेवाले हात लागस. हातच गया, ते घर तुम्हनापुढे पदर कसा लेसू?"

कुणी हसलं नाही. लोटन उत्तर द्यायला सरसावला खरा, पण नजर रुळांत अडकलेल्या तुकड्यावर गेली. लुगड्याचा काठ त्याच्या ओळखीचा होता. आखाजीच्या सणाला घरातल्या बायांसाठी त्यानेच ती लुगडी आणली होती.

"तुम्हले लाज वाटत व्हई," ताईबाई आता जरा नरमाईने म्हणाली, "ते आठेन जातांना तुम्हीच तोंड झाकी ल्या. तुम्हना हात मोकळा शेतस."

यशोदाबाईने आपला पदर खोचला. मग तिच्या पलीकडचीने, मग तिच्याही पलीकडचीने. लोटन पाय आपटत निघून गेला. आता हा मालकाला घेऊनच येणार, असं सगळ्यांना वाटलं.

दुपारची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला, मशिनी सुरू झाल्या. लोटन एकटाच आला. रांगेच्या तोंडाशी जरा घुटमळला, मग खांद्यावरचं उपरणं उलगडून त्याने डोक्यावरून थेट नाकापर्यंत ओढलं. कुणी विचारलं असतं तर रुईच्या धुरळ्यासाठी म्हणाला असता. धुरळा काय आजचा होता? तसाच, मान खाली घालून, चाचपडत तो रांगेतून निघाला. उपरण्याचं मोकळं टोक पट्ट्याच्या अंगाला हेलकावत होतं.

ताईबाईच्या हातातली कपास खाली पडली.

"भाऊ!" मशिनींच्या वर आवाज चढवून ती ओरडली. "उपरनं समाळा! पट्टा शे तठे!"

लोटन जागीच थबकला. त्याने उपरणं तोंडावरून उतरवलं, गोळा केलं आणि कमरेला घट्ट खोचलं.