गाडी हलेना

गाडी चालवण्याचा परवाना आज हातात पडणारच, म्हणून तो नुसता खुशीत होता. त्याने पट्टा लावला, आरसे पाहिले, गाडी सुरू केली.

"चला," शेजारी बसलेले परीक्षा घेणारे साहेब म्हणाले.

गाडी जागची हलेना.

"अहो, घ्या की पुढे! काय काम करता तुम्ही?"

तो ओशाळला. "बसवर कंडक्टर आहे, साहेब. आमच्यात डबल बेल दिल्याशिवाय गाडी सुटत नाही."

साहेबांनी डोळे वटारले. मग स्टीलचं पेन काढून काचेवर दोनदा वाजवलं. टिंग टिंग!

गाडी जी सुटली, ती आठचा आकडा एका दमात काढूनच परतली. थांबायला सांगताना साहेबांनाही राहवेना. त्यांनी हसू दाबत पेन फक्त एकदा वाजवलं.