लेखी माफी

"पेत्राने येशूला विचारलं, भावाला किती वेळा क्षमा करू?" धर्मशिक्षणाच्या तासाला सिस्टर फळ्यापाशी उभ्या होत्या. नववीचा वर्ग एका सुरात म्हणाला, "सातांच्या सत्तर वेळा!"

ज्युडिथ तेवढी गप्प राहिली. गेल्याच रविवारी याच सिस्टर ज्युडिथच्या घरी स्वयंपाकघरात बसून ताईला हेच सांगून गेल्या होत्या. नवऱ्याने मोडलेला ताईचा हात तेव्हा प्लास्टरमध्ये होता. "क्षमा कर, घर मोडू नकोस," त्या म्हणाल्या आणि आईनेही मान डोलावली. सोमवारी ताई निमूट सासरी परतली.

"ज्युडिथ, तू उत्तर दिलं नाहीस."

ती ताडकन उठली. "क्षमा मागायला तो आलाच नाही, सिस्टर. आलात त्या तुम्ही! ताईला परत मार खायला पाठवलंत, आणि त्याला साधा जाबही विचारला नाहीत!"

तासाभरात आईला शाळेत बोलावलं गेलं. ऑफिसात सिस्टरांनी ज्युडिथपुढे कोरा कागद सरकवला. "माफी लिहून दे, म्हणजे विषय संपला."

ज्युडिथने पेन उचललं, तोच आईने तिचा हात धरला. सिस्टरांपुढे आजवर कधी मान वर न केलेली आई आता थेट त्यांच्या डोळ्यांत बघत होती.

"लिहू नकोस. माफी मागायचीच असेल तर तुम्ही आणि मी मागू, सिस्टर, माझ्या थोरलीची." मग ती ज्युडिथकडे वळली. "दप्तर घे गं. आत्ताच्या आत्ता तिला घरी आणायचंय."