सासूबाईंचं वळण

सरावाची पहिली मोटरसायकल वळणाच्या दिशेनं आली, तेव्हा इंजिनीअरबाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांना बघायचं नव्हतं, ऐकायचं होतं.

शर्यतीच्या या जुन्या रस्त्यावरच्या शेवटच्या वळणाला तीन पिढ्या 'सासूबाई' म्हणत आल्या होत्या. तिथे भलेभले मान खाली घालून जायचे. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, डांबराला खेटून, दगडी भिंत होती. ती दिसली की उजव्या हातातली ॲक्सिलरेटरची मूठ आपोआप ढिली पडायची. ज्यांची पडली नाही अशा सात जणांची नावं त्याच भिंतीवर कोरलेली होती. यंदा बाईंनी ती भिंत पाडून चाळीस पावलं मागे बांधली आणि मधल्या जागेत वीतभर जाडीची खडी पसरली. वळण मात्र इंचभरही हलू दिलं नाही. "वळण सरळ केलं तर इथे येईल कोण?" असं त्या वरच्यांशी भांडल्या होत्या. कागदावर सही त्यांचीच होती.

आवाज वळणाच्या तोंडाशी क्षणभर खाली बसला, मग पुन्हा चढला. बाईंनी श्वास सोडला.

"हा जुना गडी," झेंडेवाले काका म्हणाले. "भिंत नसली तरी त्याला ती दिसते. नव्यांचं काय ते बघा."

काका तीस वर्षं याच जागी उभे राहत होते. येणाऱ्यांकडे तोंड, वळणाकडे पाठ, हातात पिवळा झेंडा. पाठीमागे कुणी पडलं की तो हलवायचा, म्हणजे मागून येणारे सावध होतात. भिंत हलवायला त्यांचा विरोध होता, आणि भरल्या बैठकीत उभं राहून त्यांनी तो सांगितलाही होता. "भिंत कधी कुणाला काही बोलली नाही, पण सगळे तिचं ऐकायचे. आता कुणाचं ऐकणार?"

गाड्या येत राहिल्या. सगळ्यांचा आवाज खाली बसत होता, पण दर फेरीला जरा कमी. पाचव्या फेरीला तर नुसता उसासा टाकल्यासारखा. खडीचं गणित त्यांनी जुन्या वेगावर मांडलं होतं, वर थोडं जास्तीचं धरून. थोडं म्हणजे किती, हे ज्याच्या त्याच्या छातीवर होतं, आणि छाती मोजायचं यंत्र अजून कुणी काढलेलं नव्हतं.

"काका, तुमची लेक कितवी?"

"आता येतेय, तिची पहिलीच फेरी. बारा नंबर." काकांनी ओठ ओले केले. "काल जेवताना तिला म्हटलं, सासूबाईंपुढे जपून. तर म्हणते कशी, बाबा, त्या आता मागच्या खोलीत राहायला गेल्यात."

बाईंना हसू आलं नाही.

बारा नंबरचा आवाज चढत आला. चढतच राहिला. खाली बसलाच नाही.

बाईंनी डोळे उघडले. मागचं चाक निसटलं होतं. मोटरसायकल एकीकडे आणि पोरगी दुसरीकडे, दोघी घसरत खडीत शिरल्या. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज झाला आणि धुरळ्यात सगळं दिसेनासं झालं.

काकांचा झेंडा कधीच वर गेला होता. समोरून तीन गाड्या येत होत्या. ते दोन्ही हातांनी झेंडा हलवत होते आणि मान वळवत नव्हते.

"बाई, उठली का?"

"धुरळा आहे, काका."

"उठली का?"

पहिली गाडी वेग कमी करून गेली. मग दुसरी.

"हात हलला," बाई म्हणाल्या. "बसली. थांबा... उठली. उभी आहे, काका. पायावर उभी आहे."

तिसरी गाडी जाईपर्यंत झेंडा हलत राहिला.

सराव थांबवल्यावर दोघं खडीत उतरले. जुन्या भिंतीच्या पायाची रेघ अजून दिसत होती. पोरीच्या घसरण्याचा चर ती रेघ ओलांडून कितीतरी पुढे गेला होता. बाईंनी पावलं मोजली. तो संपला तिथून नवी भिंत आठ पावलांवर होती.

"जुनी भिंत असती तर..." बाई म्हणाल्या.

"तर ती एवढ्या जोरात आलीच नसती."

काकांच्या आवाजात राग नव्हता.

हेल्मेट काढून पोरगी लंगडत त्यांच्याकडे आली. कोपर खरचटलं होतं, चेहरा मात्र उजळला होता. काका तिच्या कॉलरमध्ये अडकलेले खडे एकेक करून काढू लागले.

"टायर गार होता, बाबा, म्हणून गेली. नाहीतर मूठ न सोडता निघते इथून गाडी. दुपारी बघालच."

ती गेली. काका मुठीत खडे धरून त्या आठ पावलांकडे बघत राहिले.

"बाई," ते म्हणाले, "ही भिंत अजून किती मागे नेता येईल?"

बाईंनी मान वर केली. भिंतीच्या पलीकडे, तिच्यावरून हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, कुणाच्या तरी घरचं धुणं दोरीवर वाळत होतं.