साहेब येणार म्हणून

गारपिटीने घराचे सिमेंटचे पत्रे फुटले. नवे घ्यायची ऐपत नव्हती, आशा फक्त विम्याची होती. नुकसान बघायला नाशिकहून साहेब येणार, असा गावातल्या फोनच्या बूथवर निरोप आला. बायको म्हणाली, “पाहुण्याला उघड्यावर बसवायचं व्हय?” चुलतभावाने आपल्या गोठ्याचे लोखंडी पत्रे दिवसापुरते आमच्या घरावर चढवले. हसला, “वहिनी, म्हशीपेक्षा साहेब नाजूक!” फुटके तुकडे आम्ही वाटेवरच्या चिखलात दाबले, साहेबांची मोटारसायकल घसरायला नको. साहेब आले, पोहे खाल्ले, वर बघून म्हणाले, “बाबा, छप्पर तर धड आहे. फुटलंय काय?” मी सगळं सांगितलं. तुकडे दाखवायला नेलं, तर त्यांच्याच गाडीखाली चुरा झालेला. साहेब हळहळले. “पुरावाच उरला नाही. लिहू काय, बाबा?” संध्याकाळी चुलतभाऊ पत्रे न्यायला आला. “म्हैस गाभण हाय, दादा. आभाळबी भरून आलंय.” शिडी मीच धरून ठेवली.