प्रिंटरवरचा निरोप

हिंजवडीच्या त्या ऑफिसातल्या प्रिंटरला शुभंकरने स्क्रिप्ट लिहून पुणेरी बोलायला शिकवलं होतं. कागद संपला की लाल दिवा लुकलुके आणि पडद्यावर येई, ‘कागद भरा, हात झिजत नाहीत.’

आज दिवा लुकलुकत होता, पण पडद्यावर होतं, ‘आई शुद्धीवर आली.’

नम्रताच्या आईचं आज ऑपरेशन होतं. तिला रजा मिळाली नव्हती. “चेष्टेलाही मर्यादा असते,” ती शुभंकरवर उखडली.

“मी नाही लिहिलं गं.” त्याचा चेहरा उतरला होता.

तेवढ्यात दवाखान्यातून भावाचा फोन आला. आईने आत्ताच डोळे उघडले होते. नम्रताचा जीव भांड्यात पडला, तिला रडूच फुटलं.

मग आईचा क्षीण आवाज आला. “रडतेस काय? आधी कागद भर. मघापासून दिवा लुकलुकतोय.”