नववी साक्ष

आठवा साक्षीदारही फितूर झाला, तेव्हा सरकारी वकील श्रीदेवीच्या हातात एकच साक्ष उरली. हर्षाली. वय वर्षं सात.

दीड वर्षापूर्वी हर्षालीची आई दीपमाला लोहाऱ्याजवळ माहेरी आली होती. तिथल्याच विहिरीत तिचं प्रेत सापडलं. न्यायला आलेल्या नवऱ्यानं, शिवपुत्रनं तिला ढकललं, अशी फिर्याद तिच्या भावानं, रुद्रेशनं दिली. भांडण ऐकलं म्हणणारे कोर्टात एकेक करून उलटले. डोळ्यांनी पाहणारी एकटी ही पोर.

धाराशिवच्या कोर्टाच्या व्हरांड्यात आरोपीचे वकील मल्लिकार्जुन हसत म्हणाले, "मॅडम, माणसं संपली म्हणून आता बालवाडी आणली व्हय?"

श्रीदेवी हर्षालीकडं वळली. पोर आज गप्प बसली, तर शिवपुत्र सुटल्यात जमा होता.

लेकरू बिचकू नये म्हणून तिनं काळा कोट काढून ठेवला. हर्षालीची सुटलेली रिबीन बांधून दिली. आईमागं ती मामाकडंच राहायची; तिला काही विचारलं की उत्तर रुद्रेश द्यायचा. बापाचं लई भ्या बसलंय तिला, झोपंत दचकती, म्हणायचा.

"तिला पढवू नका," श्रीदेवीनं बजावलं. "पाहिलं ते तिनं सांगायचं. माझं काम तेवढंच."

"पढवायचं काय त्यात, मॅडम? तिच्या डोळ्यांदेखत झालंय."

श्रीदेवीनं अर्ज करून दोन गोष्टी मागून घेतल्या होत्या. आरोपी दिसू नये म्हणून मध्ये पडदा, आणि धीराला शेजारी मामा. फिर्यादी म्हणून त्याची स्वतःची साक्ष सगळ्यांत आधी झाली होती.

खोटं बोललं तर काय होतं, न्यायाधीशांनी विचारलं. बाई कोपऱ्यात उभं करत्यात, हर्षाली म्हणाली. त्यांनी हसू दाबून पुढं चालू द्यायला सांगितलं.

विहिरीवर काय झालं, श्रीदेवीनं विचारलं. पोर गप्प. पुन्हा विचारलं. पोरीनं रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळलं. मल्लिकार्जुन उठायच्या बेतात होते. रुद्रेशनं तिच्या पाठीवर हात ठेवला. ती अंग चोरून खुर्चीच्या कडेला सरकली.

श्रीदेवी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "भ्या वाटतंय का, बाळा?"

पोरीनं मान डोलावली.

"अगं, पडदा लावलाय की मधी. पप्पा दिसत न्हाईत तुला."

हर्षालीनं तिचा पदर घट्ट धरला.

"पडदा हिकडं लावा," ती म्हणाली. "मामा दिसायलाय."